शिंपल्याचा पट्टा

एल्वियो खडे पेरत होता म्हणे! मला तर दारातून कुत्रं हाड पुरतंय असंच दिसलं. एका जागी ढीग, पुढे वीतभर टक्कल, की पुन्हा ढीग. मी त्या दोघांच्या जेवणाची टोपली घेऊन उभी होते. वस्ताद रेदेन्तो भिंतीला टेकून उजवा खांदा चोळत बसले होते, आणि त्यांचा हा जावई नव्या फरशीच्या ओल्या चुन्यापुढे ओणवा होऊन संगमरवराचे खडे मुठीमुठीनं फेकत होता. आता माझी जीभ काही माझं ऐकत नाही, सगळ्या गावाला ठाऊक आहे.

"अहो एल्वियोभाऊ, कोंबड्यांना तरी असं टाकाल का? अर्ध्या उपाशी मरतील आणि अर्ध्या भांडून मरतील!"

एल्वियो वळून म्हणाला, "मग तूच ये की पेरायला, आर्देमिया. बोलायला काय जातंय?"

तो चिडून बोलला होता. पण वस्तादांनी खड्यांची पाटी पायानंच माझ्याकडे सरकवली. "ये. टाक."

मी टोपली खाली ठेवली, पाटी कमरेवर घेतली आणि टाकलं. त्यात काय मोठंसं? चालायला लागले तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ मी कोंबड्यांना दाणे टाकत आलेय. मनगट आपोआप फिरतं, बोटं एकेक करून उघडतात, आणि दाणा असा पसरतो की भित्र्या पिल्लालाही वाटा मिळावा. लाल खडा, पिवळा खडा, काळा खडा, ओल्या चुन्यात टप टप टप पडत गेले. अगं बाई, काय तो आवाज! माझ्या पोटात गुदगुल्या झाल्या. पाटी रिकामी झाली तेव्हा मला रडूच यायचं बाकी होतं.

वस्ताद उठले. खाली बसून, एक डोळा मिटून त्यांनी आडवं बघितलं. मग एल्वियोकडे बघितलं. मग म्हणाले, "गुएर्रीनोची बहीण ना तू? उद्यापासून ये."

"शिकाऊ म्हणून?"

"बघू म्हणून."

आमच्या गावात घरटी एक तरी बाप्या टेराझो, म्हणजे ही चुन्यातल्या खड्यांची फरशी, घालणारा. कुणी डेन्मार्कात, कुणी फ्रान्सात, कुणी थेट अमेरिकेत. माझा भाऊ गुएर्रीनो कोपनहेगनला लोकांच्या बँका नि दवाखाने चकचकीत करतो आणि वर्षाकाठी हिवाळ्यात दोन महिने घरी येऊन झोपतो. वस्तादांनीही जन्म तिकडेच घालवला, आणि खांदा कामातून गेला तेव्हा गावात परतले. हात कमरेच्या वर जात नव्हता, आणि पोरं तर मिसरूड फुटायच्या आधीच आगगाडीत बसत होती. शिकायला राहिलं होतं कोण? मी! लग्न न झालेली, तिशी गाठलेली, तोंडाळ.

घरी वहिनी पाल्मिरा पोलेंता घोटत होती. मी सांगितलं तर तिचा दांडा हातातच थांबला.

"फरशी बाईनं पुसायची असते गं, घालायची नसते."

"आणि घातली तर?"

"तर मग पुसेल कोण? तुझा भाऊ?" असं म्हणून तिनं मक्याचं पीठ असं काही घोटलं की चुलीवरचं पातेलं नाचायला लागलं.

तरी मी गेले. चुना चाळला, विटांची सुरखी कुटली, थर धुमसून धुमसून घट्ट केला. आणि अस्वल ओढलं! लांब दांड्याच्या टोकाला जो जड दगड असतो, ज्यानं फरशी घासतात, त्याला आम्ही अस्वल म्हणतो. पुढे ढकला, मागे ओढा, पाणी शिंपा, पुन्हा ढकला. पहिल्या दिवशी अस्वलानंच मला खोलीभर ओढलं. एल्वियो हसून हसून बादलीत बसला, खरंच बसला, बादलीत पाणी असताना. पण दगडाखालून जेव्हा राखाडी चिखल बाजूला झाला आणि आतून लाल-पिवळे खडे डोळे उघडल्यासारखे बघायला लागले, तेव्हा मी दांडा टाकून ओरडले, "वस्ताद, आलं! आलं!" वस्ताद म्हणाले, "तिथेच होतं ते. ओढ."

वस्तादांचं बोलणं एवढंच असायचं. मी दिवसभर बडबडायची आणि ते दिवसभर गप्प, म्हणजे हिशेब बरोबरच म्हणायचा. रोज संध्याकाळी मी विचारायची, "आता झाले का शिकाऊ?" आणि रोज उत्तर, "बघू."

मग औषधवाल्याच्या घरचं काम आलं. त्याची बायको एर्सीलियाबाई म्हणजे गावातली बडी बाई. मुलीचा साखरपुडा ठरलेला, त्यासाठी जेवणघरात नवी फरशी हवी होती, आणि ती पण भिंतीच्या कडेनं शिंपल्याचा पट्टा असलेली! मोत्याच्या शिंपल्याचे तुकडे व्हेनिसहून आले, एका छोट्या पिशवीत. बाईंनी ती पिशवी माझ्या हातात देताना अशी दिली, जशी काही चर्चमधल्या संताची अस्थीच. "सांभाळून हं. अशी दुसरी मिळणार नाही."

त्या दिवशी वस्ताद स्वतःहून बोलले. "ही खोली तू पेरायची. तू एकटीनं. घासून, तेल लावून झालं की मी बघीन. धड झाली तर तू माझी शिकाऊ, मग पुढच्या सगळ्या कामांना माझ्याबरोबर. बिघडली तर परत आपली टोपली आणत जा."

माझे पाय जमिनीवर राहिले नाहीत. रात्रभर मी झोपेत हात फिरवत होते, असं वहिनी सांगते. तिला एक चापटही बसली म्हणे.

पेरणीच्या दिवशी वस्तादांना खांद्यासाठी स्पिलिंबेर्गोच्या हाडवैद्याकडे जायचं होतं. "संध्याकाळी येतो. तोवर पेरून ठेव. खडे दाबायचा रूळ माझ्यासमोर फिरवायचा." ते गेले. जेवणं झाली, एर्सीलियाबाई डोकेदुखीची पुडी घेऊन वर झोपायला गेल्या, खिडक्यांच्या सगळ्या झडपा बंद झाल्या. एल्वियोही अंगणात अंजिराखाली आडवा झाला. मी अंगणाकडचं दार उजेडासाठी सताड उघडं टाकलं आणि सुरुवात केली.

आधी मधला भाग. मोठे खडे, मग मधले, मग बारीक. असं पेरलं, असं पेरलं, की माझी मलाच दृष्ट लागावी! मग राहिला कडेचा पट्टा. ओल्या चुन्यावर टाकलेल्या फळीवर उभी राहून शिंपल्याची पिशवी उघडली. हिरवट, गुलाबी, दुधी, प्रत्येक तुकड्याचा रंग हलवला की बदलणारा. पहिली चिमूट टाकली आणि मला हसूच फुटलं. हात चालायला लागला, मनगट फिरायला लागलं, मी भिंतीकडेनं मागे मागे सरकत गेले, सगळा पट्टा भरला, सगळी पिशवी संपली. मी इतकी खुशीत होते की माझ्या तोंडातून काय चाललंय ते मला कळलंच नाही.

"पी-पी-पी… या, या… पी-पी-पी…"

लहानपणापासून माझा हात असा फिरला आणि तोंड गप्प बसलं, असं झालंय कधी?

आल्या! एर्सीलियाबाईंच्या त्या पादोव्हाच्या तुरेवाल्या कोंबड्या, डोक्यावर पिसांचा झिपरा, डोळे झाकलेले, पण दाणा म्हटला की बरोबर दिसतो. दारातून आत आल्या त्या रांगेनं, पाहुण्या आल्यासारख्या. आणि शिंपल्याच्या पट्ट्यावर सुरू झाल्या. अंडं घालणाऱ्या कोंबडीला शिंपला म्हणजे मेजवानी, हे मला कुणी शिकवायला नको.

"शुक! शुक! अगं रांडांनो, बाहेर!" मी एप्रन झटकला. पण करू काय? मी फळीवर, मध्ये सगळी ओली फरशी. पाऊल टाकलं तर माझाच खड्डा पडणार. त्या आरामात टिपतायत, मी फळीवर नाचतेय. शेवटी फळी दाराकडे सरकवत सरकवत बाहेर पडले, माझ्या जेवणातली उरलेली पोलेंता कुस्करली आणि अंगणातून त्याच तोंडानं पुन्हा पी-पी-पी केलं. तेव्हा कुठे बायका बाहेर आल्या. चोची पुसत.

आत बघते तर मधलं सगळं शाबूत आणि कडेचा पट्टा साफ. शिंपला औषधालाही उरला नाही. चुन्यावर नुसते तीन बोटांचे ठसे.

मी एल्वियोला हलवून उठवलं. त्यानं बघितलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. "कापायच्या का?"

"पोर्देनोनेच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालेल्या कोंबड्या आहेत त्या! आपल्यालाच कापतील."

"मग सांगून टाकू. दुसरा शिंपला येईपर्यंत थांबू."

"चुना थांबेल? संध्याकाळपर्यंत रूळ नाही फिरला तर सगळीच फरशी गेली. आणि मी पण गेले, टोपलीकडे परत!" मी अंगणातच मटकन बसले आणि हुंदके द्यायला लागले. एल्वियो बिचारा गांगरला, छाती खाजवत उभा राहिला. त्याच्या बोटांमागे काहीतरी चमकलं. दुधी. हलवलं की गुलाबी.

मी डोळे पुसले. "एल्वियोभाऊ, शर्ट काढा."

"काय?"

"शर्ट काढा म्हणते ना! ही बटणं कशाची आहेत?"

"शिंपल्याची. लग्नातला शर्ट आहे, माझ्या बायकोनं, मारिनानं शिवलेला… ए, थांब, ए!"

थांबते कुठली! शर्ट त्याच्या अंगावरून ओढला आणि धावत सुटले. पण एका शर्टानं काय होणार? शुक्रवार होता. सगळ्या बायका ओढ्यावरच्या धुण्याच्या हौदावर, रविवारचे शर्ट नि पेटीतले ठेवणीतले शर्टही धूत. म्हणजे हौदावर त्या वेळी काय दिसलं असेल बघा: मी पुरुषाचा शर्ट नाचवत पळत येतेय, आणि मागून वस्तादांचा जावई, उघडाबंब, "माझा शर्ट दे" म्हणून ओरडत.

पाल्मिरावहिनीच्या हातातला साबण हौदात पडला.

"वहिनी, बटणं! शिंपल्याची! सगळ्यांची!" मी कसंबसं सांगितलं. हात, पी-पी-पी, कोंबड्या, चोची. सांगून संपलं आणि हसण्याचा असा काही स्फोट झाला की दोघी-तिघी ओल्या दगडावरच बसल्या. एक जण पोट धरून म्हणाली, "हाक कुणी मारली म्हणालीस? पुन्हा सांग!" मीही हसत होते, रडत होते, दोन्ही एकदमच चाललं होतं.

मला वाटलं, वहिनी आता म्हणणार, बघ, सांगितलं नव्हतं? ती गुएर्रीनोचा शर्ट हातात धरून उभी होती. भावाचा चांगला शर्ट, हिवाळ्यात घरी आला की घालायचा. तिनं त्याची कॉलर तोंडाजवळ नेली आणि गळ्याचं बटण दातानं तोडलं.

"माझ्या नवऱ्यानं अर्धं कोपनहेगन चकचकीत केलं," ती म्हणाली, "आणि मी अजून मातीच्या जमिनीवर झाडू मारते. गावात एक तरी फरशी बाईच्या हातची होऊ दे. धर!" आणि बटण माझ्या तळहातावर थुंकलं.

मग काय विचारता! कात्री एकच होती, बाकी सगळं दातांनी. टक, टक, टक. कफाची, गळ्याची, छातीची. डेन्मार्कातल्या नवऱ्याची, फ्रान्सातल्या दिराची, घरी बसलेल्या सासऱ्याची. म्हाताऱ्या त्रान्क्वीला आजीनं तर नवऱ्याचा लग्नातला शर्ट पुढे केला. तो जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण आजी दर वसंतात तो धुऊन पुन्हा पेटीत ठेवते.

"आजी, तो राहू दे."

"घे गं. तो आहे तिथं गळा उघडा राहिला म्हणून काही पडसं होत नाही." असं म्हणून हसत हसत तिनं स्वतःच बटणं कापली. मी तिला मिठी मारली, तर ती म्हणाली, "चुना वाळतोय, वेडे."

एल्वियोनं हौदाच्या दगडावर हातोडी चालवली. बटणांवर ओला टॉवेल टाकला, म्हणजे तुकडे उडायला नकोत. पसापसा भरून शिंपला झाला, व्हेनिसच्या पिशवीपेक्षा जास्तच. आम्ही परत धावलो. ठसे थापीनं पुसले, अंगणाचं दार लावून घेतलं, आणि मी पुन्हा पेरलं. या वेळी एप्रनचं टोक दातात घट्ट धरून.

वस्ताद आले तेव्हा मी दारात हात पुसत उभी होते. त्यांनी खोलीवरून एकदा नजर फिरवली. मग जावयाकडे बघितलं. एल्वियो त्या उकाड्यात कोट चढवून, हनुवटीपर्यंत बंद करून उभा.

"ताप आहे का?"

"थोडासा," एल्वियो म्हणाला.

"रूळ आण," वस्ताद म्हणाले.

रूळ फिरला, सगळं सपाट झालं, वरून राखाडी चिखलाचा पडदा आला. आता घासेपर्यंत कुणाला काही दिसणार नव्हतं. मी घरी जाताना रस्त्यात उड्या मारल्या.

पण रविवार यायचा होता. बायकांनी दुकानातून नवी बटणं आणली, पण आमच्या दुकानात असतं काय? काळी, कोटाची. तीच शिवली. सकाळी चर्चमध्ये बाप्यांची बाजू बघावी तर गावातले उरलेसुरले सगळे म्हातारे पांढऱ्या शर्टांवर काळी बटणं लावून बसलेले! आमच्यात काळं बटण लावतात ते दुखवट्याला. पाद्रीबाबा वेदीवरून खाली बघतच राहिले. प्रार्थना थांबवून म्हणाले, "कोण गेलं? मला कुणीच कसं कळवलं नाही?"

बायकांच्या बाजूला सगळ्यांच्या माना खाली आणि खांदे गदागदा हलतायत. पाल्मिरावहिनीला ठसका लागला. वस्ताद पहिल्या बाकावर होते. त्यांनी सावकाश मागे वळून एकेका शर्टाकडे बघितलं, मग एल्वियोकडे, आणि पुन्हा समोर तोंड केलं. माझं हसू तिथेच थिजलं.

पुढे चुना मुरेपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग अस्वल काढलं. मीच ओढत होते. दगडाखालून पट्टा उघडायला लागला आणि काय सांगू, तो चमचमला! आणि त्या चमचमाटात एका तुकड्याला अर्धं भोक. पुढच्यालाही. मी पटकन पाय ठेवला. वस्ताद पाणी ओतत होते. "पाय काढ," म्हणाले, "दगड जाऊ दे." मी काढला. त्यांनी त्याच्यावरच पाणी ओतलं आणि पुढे गेले. मला ओरडले असते तर बरं झालं असतं. मी त्या दिवशी संध्याकाळी "झाले का शिकाऊ" असं विचारलंसुद्धा नाही.

शेवटी जवसाचं तेल लागलं. तेल प्यायली आणि फरशी जागी झाली. लाल खरंच लाल झाला, पिवळा लोण्यासारखा, काळा खोल विहिरीसारखा, आणि कडेनं सगळा पट्टा ढगातून ऊन पडावं तसा. मी केलं होतं हे! माझ्या या मनगटानं! भीती होतीच, पण आनंद तिच्यापेक्षा मोठा झाला, मला तिथल्या तिथे गिरकी घ्यावीशी वाटली.

एर्सीलियाबाई मऊ सपाता घालून आत आल्या. "आहाहा!" म्हणाल्या. कडेकडेनं चालत गेल्या, माझा श्वास त्यांच्याबरोबर चालला. खिडकीखाली थांबल्या. वाकल्या.

"हे काय आहे?"

हातोडीखालून निसटलेलं असणार. एक अख्खं बटण, गोल गरगरीत, चार भोकांचं, प्रत्येक भोकात चुना.

"हे बटण आहे!" बाईंचा आवाज चढला. "माझ्या जेवणघरात बटण? आणि हे, हे बघा, इथं पण अर्धं! व्हेनिसचा शिंपला कुठे गेला माझा? कुणाचं काम आहे हे?"

एल्वियो छताकडे बघायला लागला. वस्ताद गुडघ्यावर हात ठेवून उठले.

"माझं," ते म्हणाले.

"तुमचं? तुमचा तर हात वर होत नाही! मला सगळं कळतं हं, पेरलं कुणी ते सांगा."

"फरशी माझी आहे, बाई. म्हणजे चूकही माझी. पट्टा नको असेल तर मी उखडतो, पदरचा शिंपला आणून पुन्हा घालतो. पण माझं मत विचाराल तर इतकी सारखी पेरलेली कड मी डेन्मार्कातसुद्धा बघितली नाही."

मला राहवेना. या म्हाताऱ्यानं माझ्यापायी मान खाली घालायची? त्या खांद्यानं पुन्हा पट्टा घालायचा? मी पुढे झाले. "नाही हो बाई, यांचं काही नाही, मीच, त्या तुमच्या कोंबड्या आत…"

"ए, गप्प बस!" वस्ताद गरजले. इतक्या महिन्यांत त्यांचा आवाज कधी चढला नव्हता. "वस्ताद बोलत असताना शिकाऊनं मध्ये तोंड घालायचं नसतं."

एर्सीलियाबाईंनी माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. पट्ट्याचं म्हणाल तर तो पुढे राहिला. साखरपुड्याला व्याह्यांनी त्याचं इतकं कौतुक केलं की बाई आता ती आपलीच कल्पना होती म्हणून सांगतात. पण ते नंतरचं.

"शिकाऊ?" त्या वेळी त्या म्हणाल्या. "ही?"

"ही," वस्ताद म्हणाले.

मला केवढं तरी बोलायचं होतं. हौदाचं सांगायचं होतं, त्रान्क्वीला आजीचं, वहिनीच्या दातांचं, सगळंच. पण शिकाऊनं मध्ये बोलायचं नसतं. मी ओठ मिटून उभी राहिले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत गप्प बसले.